पायवाटेने शिकलेला माणूस : डॉ. सालिम अली

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतालचे खडक व पाणी मिळून सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र आहे. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, २० जून १९८७ रोजी, मुंबईत डॉ. सालिम अली यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना नव्वद वर्षे पूर्ण झाली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरीही रानाचा, पाणथळीचा किंवा समुद्राचा एखादा तुकडा पुढच्या पिढीसाठी राखून ठेवावा, हा विचार आपल्या देशात ज्या मोजक्या माणसांनी रुजविला, त्यांत या गृहस्थांचे नाव फार वरचे आहे. म्हणून मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण सर्वांनी, विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी, हे चरित्र माहीत करून घेतले पाहिजे.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. मोईजुद्दीन व झीनतुन्निसा यांचे ते सर्वांत धाकटे अपत्य. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. अशा या पोरक्या मुलांना मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी आपल्या खेतवाडीतील घरी नेले. या दांपत्याला मूलबाळ नव्हते. त्यांनी बहिणीची सर्व मुले आपली मानून वाढविली. तय्यबजींचे घराणे त्या काळी विद्येसाठी नावाजलेले होते. अंजुमन-इ-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक आणि राष्ट्रसभेचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी हे याच घराण्यातले. आपल्या समाजात पोरक्या मुलांना आधार देणारे मामा, काका आजही पुष्कळ आहेत. असा एखादा आधार किती दूरवर फळ देतो, हे या चरित्रावरून दिसते.

लहानपणी सालिमला एक खेळण्यातली छऱ्याची बंदूक मिळाली होती. दहाबारा वर्षांचा असताना त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग! घराच्या वळचणीला राहणारी नेहमीची चिमणी ही नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले. तो ती घेऊन मामांकडे गेला. मामा स्वतः शिकारी होते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद होते. मुलाला गप्प बसवावे किंवा चिमणी फेकून द्यायला सांगावे, असे त्यांनी केले नाही. त्यांनी संस्थेचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली व मुलाला तिकडे धाडले. घाबरतच आत गेलेल्या त्या मुलाला मिलर्डसाहेबांनी पक्ष्याची जात समजावून सांगितली, कपाटांचे खण उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. पुढील सारे आयुष्य त्या एका भेटीतून उभे राहिले, असे म्हणायला हरकत नाही.

पालकहो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मामांना ठाऊक नव्हते. पण उत्तर कोणाकडे मिळेल, हे त्यांना ठाऊक होते, आणि तेवढे पुरले.

शाळेत मात्र सालिम चमकला नाही. तेराव्या वर्षी त्याला डोकेदुखीचा असा विकार जडला की, हवापालटासाठी त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवावे लागले. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले. परंतु गणिताने असे छळले की, पहिल्याच वर्षी कॉलेज सुटले. मग ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या मंडळींचा खाणीचा व लाकडाचा धंदा होता, तेथे त्याची रवानगी झाली. धंद्यापेक्षा तेथील जंगलातच त्याचे मन अधिक रमले. काही वर्षांनी परत आल्यावर व्यापारी कायदा व हिशेबनीस यांचे शिक्षण सुरू झाले. त्याच काळात सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी या तरुणाचा कल ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळविले. सकाळी हिशेबाचे वर्ग आणि मग प्राणिशास्त्राचे, अशी दुहेरी मेहनत त्यांनी केली. डिसेंबर १९१८ मध्ये तहमीना या नात्यातल्याच मुलीशी त्यांचा विवाह झाला.

पदवी नसल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. सरकारी प्राणिविज्ञान खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियममध्ये, नव्याने उघडलेल्या निसर्गविभागात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना नोकरी मिळाली. दोन वर्षांतच त्यांना कळून चुकले की, आवड पुष्कळ असली तरी शास्त्रशुद्ध शिक्षणावाचून गाडी पुढे जाणार नाही. तेव्हा रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रोफेसर स्ट्रेझमन यांच्या हाताखाली शिकले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायांत वाळे घालून त्यांचे स्थलांतर कसे अभ्यासतात, तेही त्यांनी पाहिले. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, सालिम अली शाळेत मागे पडले म्हणून शिक्षणाचे काही अडत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. ते कॉलेजातून बाहेर पडले, पण शिकणे त्यांनी सोडले नाही. तिशी उलटल्यावर, संसार असताना, ते पुन्हा विद्यार्थी झाले.

१९३० साली ते परत आले तो म्यूझियममधील ती जागाच पैशाअभावी रद्द झाली होती. हाताला काम नाही, अशा वेळी पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम या गावी समुद्रकाठच्या एका छोट्या घरात राहावयास गेली. म्हणजे आपल्याच कोकणपट्टीत. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने सालिम अली रोज तासन् तास बसून ती घरटी न्याहाळीत आणि नोंदी करीत. सुगरणीची लोंबती घरटी आपण विहिरीवर, माडावर लहानपणापासून पाहतो. आपण त्या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले आहे. पण घरटे विणतो तो नर. तो ते अर्धेच विणून ठेवतो. मादी येऊन पारखून पाहते. पसंत पडले तर तेथे राहते व मग नर ते पुरे करतो. मादी अंड्यांवर बसली की, हा गृहस्थ दुसरे घरटे विणायला घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा सारा क्रम सालिम अलींनी बारकाईने नोंदवून प्रसिद्ध केला आणि त्यामुळे पक्षिशास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले. ना प्रयोगशाळा, ना पगार. एक वही, पेन्सिल, दुर्बीण आणि धीर, एवढ्याच भांडवलावर हे काम झाले.

त्यानंतर त्यांच्या खऱ्या पायपिटीला आरंभ झाला. संस्थानांनी प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च सोसावा, मी मेहनताना घेणार नाही, अशी तयारी दाखवून त्यांनी एकामागून एक पाहणी हाती घेतली. १९३१ मध्ये हैदराबाद, मग कोचीन व त्रावणकोर, पुढे इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ. बैलगाडीतून सामान न्यावयाचे, तंबू ठोकावयाचा, उजाडण्यापूर्वी उठून रानात निघावयाचे, दुपारी पक्ष्यांची कातडी भरावयाची आणि रात्री कंदिलाच्या उजेडात वही लिहावयाची, असा दिनक्रम असे. शहरात वाढलेल्या तहमीना बेगम या सर्व फिरतीत बरोबर राहिल्या. मुक्कामाची सारी व्यवस्था त्या पाहत. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक वारल्या. सालिम अलींचे घर उन्मळून पडले. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. ते पुन्हा रानात गेले.

१९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. पक्षी हा साहेबांच्या छंदाचा विषय होता, तो या पुस्तकामुळे शाळेतल्या मुलाच्या हाती आला. अमेरिकन शास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्याबरोबर लिहिलेला भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाला. लईक फतेहअली या नात्यातील विदुषीबरोबर त्यांनी सामान्य वाचकांसाठी नेहमीच्या पक्ष्यांवर छोटे पुस्तकही लिहिले. रॉबर्ट ग्रब यांच्यासमवेत लिहिलेला, आपल्या शेजारच्या गोव्यातील पक्ष्यांविषयीचा लेख १९७६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. १९५८ मध्ये पद्मभूषण व १९७६ मध्ये पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. १९५८ सालीच अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्याला पदवी नाही म्हणून दारातून परत फिरावे लागले होते, त्याच्या घरी विद्यापीठे चालत आली. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले.

आता राखीव रानांविषयी. राजस्थानातील भरतपूरचे तळे हे संस्थानिकांचे बदके मारण्याचे ठिकाण. स्वातंत्र्यानंतर ते आटवून शेती करावी, अशी मागणी पुढे आली. सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत दाद मागितली व ते तळे वाचले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून ज्यांनी शब्द टाकला, त्यांतही ते होते.

परंतु चरित्र लिहिताना केवळ गौरव करून भागत नाही. भरतपूर हे राष्ट्रीय उद्यान होताच १९८२ साली तेथे गुरे चारण्यास बंदी झाली. सालिम अली या बंदीच्या बाजूचे होते. पिढ्यान् पिढ्या म्हशी चारणारे गावकरी चिडले. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे सोसायटीनेच वर्षानुवर्षे अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की, म्हशी गेल्यामुळे पाण्यात गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागा कमी झाली. म्हणजे म्हशींचा त्या तळ्याला उपयोगच होता. हा निष्कर्ष सालिम अलींच्या पश्चात निघाला. त्यांनी उभारलेल्या संस्थेने त्यांच्याच मताविरुद्धचा निकाल झाकून ठेवला नाही, ही त्यांच्या शिकवणुकीची खरी कसोटी होय.

या गोष्टीचे मर्म मालवणकरांना सांगायला नको. सागरी अभयारण्य जाहीर झाल्यापासून मच्छीमार बांधवांच्या मनात धास्ती आहे. जाळे टाकायचे की नाही, रापण ओढायची की नाही, पोराबाळांचे पोट कशावर भरायचे, हे प्रश्न गैरवाजवी नाहीत. दुसरीकडे समुद्रातील प्रवाळ, मासळीची अंडी घालण्याची ठिकाणे आणि कासवे राहिली नाहीत, तर उद्या जाळ्यात यायचे तरी काय? या दोन्ही बाजू तोलून बोलू शकेल असा जाणकार बाहेरून आणावा लागू नये. तो येथल्याच गाबित, दालदी, कुणबी घरांतून निघावा. त्यासाठी आपल्या मुलांनी आधी हा प्रदेश पायी पाहिला पाहिजे, आणि पाहिलेले लिहून ठेवले पाहिजे.

पाहण्यासारखे तरी किती आहे! वेंगुर्ल्याच्या समुद्रात दीपगृह असलेले जे खडक आहेत, तेथे सुरय पक्षी वीण घालतात, आणि तेथल्या गुहेत एक जातीच्या पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी करतात. सालिम अलींच्या नात्यातले पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास तेथे जाऊन या पक्ष्यांची नोंद केली. परदेशात या घरट्यांचे सूप करतात. त्यापायी या शतकाच्या आरंभी तेथील घरट्यांचा चोरटा व्यापार उघडकीस आला आणि मग पहारा व संरक्षण सुरू झाले. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या वाळूत कासवे अंडी घालतात. मालवण तालुक्यातील धामापूरच्या तलावाकाठी एक सकाळ काढली, तर खंड्या, पाणकावळे, धनेश यांची गाठ पडते. वर घाटमाथ्यावर आंबोलीस हिरण्यकेशीच्या कुंडात जगात इतरत्र न सापडलेला एक लहानसा मासा आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन २०२० साली झाले आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. २०२० साली तिलारीचे सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर रान संवर्धन राखीव क्षेत्र झाले. त्यापाठोपाठ आंबोली ते दोडामार्ग हा पट्टाही राखीव झाला. फोंडाघाट चढून गेले की, गव्यांसाठी १९५८ साली राखलेले दाजीपूरचे रान लागते. सह्याद्रीच्या कण्याने ही राने एकमेकांना साखळीसारखी जोडलेली आहेत. २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले ते याच वाटेने. आणि गोव्यात मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावर खारफुटीतून पायवाट असलेले जे पक्षी अभयारण्य आहे, त्याला सालिम अलींचेच नाव दिले आहे.

अशा वाटांवर जाताना काही नियम पाळावेत. वनखात्याची परवानगी लागते तेथे ती आधी काढावी व माहीतगार माणूस बरोबर घ्यावा. बोलणे हळू असावे, कपडे मातकट रंगाचे असावेत. घरट्याला, अंड्यांना, प्रवाळाला हात लावू नये. पावसाळ्यात आंबोलीला जळवा असतात. दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप रानातल्या गोचिडीच्या चाव्याने होतो. म्हणून अंगभर कपडे घालावेत, पानगळीवर बसू नये, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नये आणि घरी येताच आंघोळ करून अंग तपासावे. या रोगाचा सालिम अलींच्या कामाशीही संबंध आला होता. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे तो प्रथम आढळला, तेव्हा परदेशातून येणारे पक्षी रोगाच्या गोचिड्या आणतात काय, हा प्रश्न निघाला. सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांना वाळी घालण्याचे जे मोठे काम केले, त्याला या प्रश्नामुळे चालना मिळाली. पक्षी पाहणे हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून ठरविला आहे. त्याची सुरुवात अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी होते आणि सांगता सालिम अलींच्या जन्मदिवशी. तेव्हा पाऊस सरलेला असतो, भात कापून झालेले असते आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी किनाऱ्यावर उतरलेले असतात. त्या आठवड्यात प्रत्येक पालकाने एक सकाळ मुलासाठी काढावी, आणि मुलीसाठीही काढावी. तहमीना बेगमनी तंबूत दिवस काढले आणि लईक फतेहअलींनी पुस्तके लिहिली, तर आपल्या मुलींनी खाडीकाठच्या पायवाटेने दोन मैल का चालू नये?

दुर्बीण नसली तरी चालेल. एक वही घ्यावी. तारीख, वेळ, ठिकाण आणि पाहिलेला पक्षी, एवढे लिहावे. नाव ठाऊक नसले तर रंग, चोच, आवाज लिहावा. आणि मूल ती वही घेऊन विचारावयास आले, तर मामू अमीरुद्दीनांनी जे केले ते आपण करावे. उत्तर येत नसेल तर उत्तर देणाऱ्याचा पत्ता शोधून, मुलाला तिकडे पाठवावे.